तांब्यातला समुद्र

(सोलापूर, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीचं आवार. साल १९७६. जेवणाची सुट्टी. बिरप्पा इथं कारकून आहे. त्याची आई केराबाई सकाळच्या एस.टी.नं मैंदर्गीहून आली आहे.)

केराबाई: न्हाई रं बाबा, मी काय वर येत न्हाई. हितंच लिंबाखाली बसते. तुजी खुर्ची बघून मला काय करायचंय?

बिरप्पा: वर येऊ नको असं म्हटलं का मी? म्हटलं, इथं वारा बरा आहे. पण निरोप धाडायचा की कुणाजवळ. रविवारी आलो असतो मीच.

केराबाई: रविवारी येऊन काय करतोस? उद्या अमुशा हाय.

बिरप्पा: मग? अमावस्येचं काय?

केराबाई: आदी खाऊन घे. कडक भाकरी आनलीया, शेंगाची चटनी हाय. शांतम्मा बाळतपनाला माहेरी, खानावळीचं खाऊन गालफाडं बसली तुजी.

बिरप्पा: नको अव्वा, इथं उघड्यावर नको. लोक येतात-जातात. डबा झालाय माझा. आण्णा बरे आहेत ना? पाय कसे आहेत?

केराबाई: पाय हायत तितंच. बाजेवरनं कट्ट्यावर, कट्ट्यावरनं बाजेवर, तेबी दोगांनी धरल्यावर. तोंड बरं चालतंय. तोंडानंच सगळा घोळ करून ठिवलाय.

बिरप्पा: कसला घोळ?

केराबाई: त्यो तांब्या आठवतो का तुला?

बिरप्पा: कुठला तांब्या?

केराबाई: कुठला म्हनून इचारतोस? आपल्या घरात तांबे किती हायत रं? तुज्या आफिसाच्या सहलीत मालवनास्नं आनला त्यो. समुद्राच्या पान्याचा.

बिरप्पा: हां. तो. त्याला महिना झाला की.

केराबाई: झाला म्हैना. म्हैनाभर तुजे आण्णा त्यातलं थेंब थेंब वाटतायत. पयल्या दिशी मी दिलं तवा त्येनी वंजळ भरून तोंडात घेतलं. डोळं मिटलं. लई येळानं म्हनले, केरा, ग्वाड हाय गं. लोक उगंच खारट म्हनत्यात.

बिरप्पा: असं म्हणाले?

केराबाई: म्हनले. आनि निस्तं मला म्हनून गप बसले असते तर बरं हुतं. देवळाच्या कट्ट्यावर बसून सगळ्यास्नी सांगाया लागले. समुद्र ग्वाड हाय. माज्या बिरूनं सोता आनलाय, मी पिलोय. लोक आदी हसले, मग कटाळले. पन परवा म्हादेवप्पा मास्तर आला हुता. त्याला बी पळीभर दिलं.

बिरप्पा: मास्तर काय म्हणाले?

केराबाई: मास्तरानं चाखलं, चूळ भरल्यागत केलं आनि म्हनला, आण्णा, ह्ये नळाचं पानी हाय. तुमाला पोरानं गंडवलं. धा-पंदरा मानसं हुती कट्ट्यावर. येक जन तर म्हनला, ही मायलेकरं समुद्राला गेलतीच कुटं, सोलापुरातनं तळं बघून आली.

बिरप्पा: मास्तरांना काय कळतंय? पाणी एवढे दिवस तांब्यात राहिलं की चव बदलते. खाली बसतो क्षार. तांब्याला चिकटत असेल. तू सांगायचंस तसं.

केराबाई: चिकटतो व्हय? मग तांब्या चाटून बगू का?

बिरप्पा: अव्वा, हळू बोल. मानसिंग येतोय.

केराबाई: कोन मानसिंग?

मानसिंग: काय मावशी! ओळखलं का? होडीत तुमच्या मागं बसून दोन डोळ्यांनी समुद्र बघत होतो आणि तोंडानं ओकत होतो, तो मीच. घ्या, चहा घ्या. बिर्‍या, तुझा पण आणलाय.

केराबाई: वळखलं की. तूच न्हवं मला टेकाया हात दिलास? लिंबू दिलं हुतं मी तुला हुंगाया.

मानसिंग: त्या लिंबानं वाचलो बघा. आम्ही सोलापूरची माणसं. पाणी बघायचं तर सिद्धेश्वराच्या तळ्यात, ते पण काठावरनं. होडी धक्क्यावरनं निघाली आणि खालनं उचलली ना, तेव्हाच मी घरादाराला रामराम केला. अख्ख्या होडीत ताठ बसली होती ती फक्त मावशी. बिर्‍या, तुला दिसलंच नसेल म्हणा. तू त्या टोकाला साहेबांजवळ होतास.

बिरप्पा: जागा तिथंच मिळाली.

मानसिंग: मिळाली कसली, छत्री धरायला गेलास की बाईसाहेबांवर! बरं, ते जाऊ दे. मावशी, त्या होडीवाल्याची आठवण येते का? काय माणूस होता! किल्ल्याला निम्मी फेरी झाली, तुम्ही कनवटीचा भंडारा काढलात आणि पाण्यावर उधळून ओरडलात, बिरोबाच्या नावानं चांगभलं! आम्ही सगळे हसलो. पण त्यानं वल्हं थांबवलं आणि डोकं पुढं केलं. म्हणाला, आजये, माका पण लाव. आमच्या दर्याक पयल्यांदाच हळद लागली.

केराबाई: लावली की. कपाळभर लावली. काळं कपाळ हुतं, लई शोभलं.

मानसिंग: आणि मग खूश होऊन किल्ल्याच्या मागल्या अंगाला नेली होडी. बाकीच्या होड्या धक्क्यावरनं किल्ला आणि किल्ल्यावरनं धक्का. आपल्याला मात्र मावशीच्या नावानं पूर्ण चक्कर.

केराबाई: मागल्या अंगाला गेलो तवा म्या त्येला इचारलं, बाबा, पल्याडचा काठ कुटं हाय? भीमेला हाय, सीनेला हाय, आमच्या वड्याला बी हाय. त्यो म्हनला, आजये, हिका काठ नाय. मी बगतच बसले. काठ न्हाई म्हंजे काय रं! मानसानं नजर ठिवायची कुटं?

मानसिंग: तिथंच भरलात ना तुम्ही तांब्या?

केराबाई: तितंच. म्हनलं, आण्णास्नी न्ह्यायचं तर बिनकाठाचं पानी न्हिऊ. होडीवाल्यानं माजा हात धरला, म्या वाकून बुडवला. तोंडाला लावाया गेले तर त्यो म्हनला, खारां आसा, पिया नको. म्या पिलं. आगं आई गं! जीबच आखडली. निस्तं मीठ न्हाई, वाईच कडू बी. आन् मला हसू फुटलं.

मानसिंग: सगळी होडी हसत होती की. पण मावशी, आण्णांना एवढं समुद्राचं कशाला वेड? रागावू नका, मेंढरावाल्या माणसाला समुद्र कशाला, म्हणून विचारतो.

केराबाई: दुष्काळाच्या साली मेंढरं घिऊन गेलते त्ये. हितं गवाताची काडी न्हवती. साठ मेंढरं हुती, मावळतीकडं चालत ऱ्हायले. दीड म्हैना. घाटाच्या तोंडाला पोचले आन् येका सकाळी वरनं बघितलं तर आभाळाच्या खाली पांढरी रेघ. तितल्या मानसानं सांगितलं, त्यो समुद्र. खाली उतरू म्हनले एकडाव, हात लावून येऊ. पन मेंढरं पटापटा आडवी व्हाया लागली. मागं फिरले. अकरा घिऊन आले. तवापस्नं पाय बी गेले. कवा बी म्हनत्यात, केरा, रेघ बघितली, पानी न्हाई बघितलं.

मानसिंग: अरे देवा. मग बरं झालं नेलंत ते. काय म्हणाले मग चाखून?

केराबाई: ग्वाड लागलं म्हनले.

मानसिंग: गोड? समुद्राचं? असं कसं? बिर्‍या, तांब्या तर आपल्या गाडीतनंच...

बिरप्पा: मानसिंग, साहेबांनी ती पंढरपूरची फाईल मागितली होती. बघतोस का जरा वर जाऊन? मी आलोच.

मानसिंग: बघतो की. बरं आहे मावशी, चहा गार करू नका.

केराबाई: चांगलं पोर हाय. तुजा पाय लागला काय रं त्येला?

बिरप्पा: नाही. कशाला?

केराबाई: एकदम उटून गेलं म्हनून इचारलं. बरं, आता ऐक. मास्तर गंडवलं म्हनला ना, तवा तुजे आण्णा काय म्हनले ठावं हाय? म्हनले, जगात कुनी बी फशिवल, माजा बिरू न्हाई फशिवनार. अमुशेला देवापुढं भंडारा उचलून शपत घेतो, ह्ये पानी समुद्राचंच हाय.

बिरप्पा: भंडारा उचलणार? एवढ्याशा पाण्यासाठी?

केराबाई: सगळ्या कट्ट्यासमोर बोललेत. उद्या सकाळच्याला दोगं येऊन त्येस्नी उचलून न्हेनार. पुजारी हातावर भंडारा ठिवल, आन् त्ये बिरोबाकडं बघून बोलनार. म्हनून आले मी. न्हाईतर मला हौस न्हाई एस.टी.त उबं ऱ्हायची.

बिरप्पा: अव्वा, हे बघ. भंडारा उचलल्यानं काय होत नाही. ही सगळी जुनी समजूत. शिकलेल्या माणसानं...

केराबाई: सिदाप्पाच्या चुलत्यानं बांधाच्या भांडनात खोटा भंडारा उचलला. साल उलटायच्या आत सगळी दावन मोकळी झाली त्येची.

बिरप्पा: रोग आला असेल जनावरांना.

केराबाई: आला आसंल. देव काय करतो त्ये देवाला ठावं, मला कुटं ठावं हाय? त्ये सोड. जलमभर मेंढीचं दूद कमी मापलं न्हाई असा मानूस उद्या खोट्यासाटी हात वर करनार. आनि त्येला ठावं न्हाई, पन तुला ठावं हाय. मी त्ये म्हनतीया.

बिरप्पा: मला काय ठाऊक असणार?

केराबाई: बिरू.

बिरप्पा: खरंच, अव्वा. तूच भरलंस पाणी. तूच मांडीवर घेऊन आलीस.

केराबाई: दुदाच्या गडव्याला फडकं बांदतो ती गाठ कशी आसती?

बिरप्पा: कशी म्हणजे?

केराबाई: दोन येढं, खालनं काढून वर दाबायची. मेंढरामागं पळालं तरी सुटत न्हाई, दातानं वडावी लागती. तू पाच वर्साचा हुतास तवा शिकिवली तुला. होडीत मी त्याच गाठीनं फडकं बांदलं. घरला आले, आण्णांच्या म्होरं तांब्या ठिवला, गाठीला हात लावला. वडली की सुटली.

बिरप्पा: सैल झाली असेल.

केराबाई: सैल न्हवती. सुरगाठ हुती. दोन कान काढल्याली. तू दिवाळीत कचेरीतनं कागदं आनली हुतीस घरला, तांबड्या फितीची, तसली गाठ. मैंदर्गीत तसली गाठ कोन मारतंय रं? च्या गार होतुया.

बिरप्पा: म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

केराबाई: गाठ सुटली तवाच वळखलं. आण्णा हात फुडं करून बसले हुते. म्या आदी बोट बुडवून जिबीला लावलं. आन् मग तेच पानी त्येंच्या वंजळीत वतलं.

बिरप्पा: मग बोलली का नाहीस तेव्हाच?

केराबाई: तू सांग आदी. मला गाठ ठावं हाय, बाकीचं न्हाई.

बिरप्पा: काय सांगू? तू झोपली होतीस. गाडी गगनबावड्याच्या घाटात वळणं घेत होती. तांब्या आडवा झाला. फडक्यातनं पाणी झिरपलं आणि बाईसाहेबांच्या पिशवीखाली गेलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाल्या, मासळीसारखा वास कसला येतोय? सगळी गाडी बघायला लागली. आधीच होडीत तुझा भंडारा त्यांच्या पांढर्‍या साडीवर उडाला होता...

केराबाई: तवा तू त्येस्नी काय म्हनलास, त्ये ऐकलंय मी.

बिरप्पा: काय ऐकलंस?

केराबाई: सारी बाईसाब, खेडवळ हाय ती. सारी म्हंजे काय त्ये मला कळलं न्हाई. खेडवळ कळलं.

बिरप्पा: अव्वा...

केराबाई: हाय की मी खेडवळ. त्यात खोटं काय न्हाई. सांग फुडं.

बिरप्पा: कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. तुझा डोळा लागलेला. मी तांब्या काढला, खाली उतरलो, आणि मोरीत ओतला.

केराबाई: समदं?

बिरप्पा: सगळं. वास जावा म्हणून दोनदा विसळला.

केराबाई: इसाळला बी.

बिरप्पा: मग वाटलं, तू रिकामा बघशील, गाडीत सगळ्यांसमोर ओरडशील. म्हणून नळाखाली धरला. फडकं परत बांधलं. हातांनी आपोआप तसली गाठ मारली. माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. खरं सांगू का, त्यानंतर सोलापूर येईपर्यंत मी मजेत होतो. गाण्याच्या भेंड्यांत गायलो.

केराबाई: मी जागी झाले तवा तू गातच हुतास. म्हनलं, पोरगं खूश हाय.

बिरप्पा: असं नको बोलू.

केराबाई: मग कसं बोलू? म्हंजे आण्णांनी पंचगंगेचं पानी पिलं तर. बरं हाय, नदी पवित्रच हाय ती बी.

बिरप्पा: लाज वाटते मला. तुला काय वाटतं, वाटत नाही? महिनाभर गावाकडं फिरकलो नाही मी. कामाचं निमित्त सांगितलं. काम कसलं? आण्णांनी पाण्याचं विचारलं तर तोंड कुठं लपवू, म्हणून आलो नाही.

केराबाई: आता लाज वाटती म्हनतोस, तवा बी लाजच वाटत हुती. तवा माजी वाटत हुती. तूच म्हनलास, का न्हाई बोललीस. दोनदा तोंड उघडलं मी आण्णांम्होरं. येकदा भाकरी वाढताना, येकदा पाय चेपताना. पन काय सांगू? पानी वतलं एवढं सांगून भागत न्हाई. का वतलं, इचारनारच की. मग काय, तुमचं पोरगं तुमच्या बायकूला लाजतं, असं सांगू? पाय गेल्याल्या मानसाला? त्येनी तर मला धाडलं ह्या सहलीला. आफिसात येकेकाला घरचं येक मानूस आनायचं म्हनून तू कागूद धाडलास, तवा म्हनले, जा केरा, पोरगं आईला घिऊन मिरवतंय. नवी घोंगडी दिली पांघराया.

बिरप्पा: मी कागद धाडला कारण शांतम्मा माहेरी होती. जागा मोकळी राहिली असती.

केराबाई: त्ये बी ठावं हाय मला.

बिरप्पा: एक सुचतंय. ऐकून तर घे. त्या किल्ल्यात, समुद्राच्या मधोमध, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. आपण बघितल्या की. साहेबांनी माहिती पण सांगितली. आण्णांना सांगू, तांब्यात साखरबावीचं पाणी होतं. समुद्राच्या पोटातलंच ते! म्हणून गोड. कुणाची मान खाली जाणार नाही. मास्तरांचं तोंड बंद, आण्णांचा शब्द खरा, आणि तू पण सुटलीस.

केराबाई: बरं सुचलं की रं.

बिरप्पा: खरंच? मग हेच सांगू?

केराबाई: सांग. आनि आण्णांच्या जागी उद्या तू भंडारा उचल. म्हन, ह्ये साखरबावीचं पानी हाय. बापाचा हात लेकानं धरला, कोन काय बोलनार न्हाई.

बिरप्पा: मी? भंडारा?

केराबाई: का रं? भंडाऱ्यानं काय होत न्हाई म्हनलास न्हवं?

बिरप्पा: अव्वा, मला जमायचं नाही ते.

केराबाई: शांतम्माचं पोट डोळ्याम्होरं आलं?

बिरप्पा: आलं.

केराबाई: येऊंदे. तेवडा धनगर हाईस अजून.

बिरप्पा: आणि खरं सांगितलं तर कट्ट्यावर आण्णांची फजिती होईल. सगळ्या गावात. मास्तर हसतील.

केराबाई: हसतील. दोन दीस हसतील. मी बी हाय की हसाया. होडीत मला सगळी हसली, मी मेले का? त्यो होडीवाला हसला न्हाई तेवडं मला म्हैनाभर पुरलं.

बिरप्पा: आण्णा मला घरात घेतील का?

केराबाई: त्ये मला ठावं न्हाई. खोटं कशाला सांगू? काठी हाय हाताशी, मारतील बी. बसून मारत्यात, लागत न्हाई एवडं. पन तुज्या तोंडनं ऐकूदे त्येस्नी. कट्ट्यावरनं न्हाई, मास्तराकडनं न्हाई, माज्याकडनं बी न्हाई.

बिरप्पा: कधीची गाडी आहे?

केराबाई: तीनची हाय. दिवस मावळायच्या आत घरात.

मानसिंग: बिर्‍या, ती फाईल काही सापडत नाही. साहेब विचारतायत, बिरप्पा कुठं आहे. खिडकीतनं बघितलं त्यांनी. म्हणाले, त्याच होडीतल्या बाई ना त्या?

बिरप्पा: व्हय. माझी आई आहे म्हणावं. आणि साहेबांना सांग, फाईल माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. ती मुद्दाम पाठवली होती मी तुला वर.

मानसिंग: माहितीये मला. मूर्ख वाटलो का?

बिरप्पा: मानसिंग, एक काम कर. माझा रजेचा अर्ज लिही. आज अर्धा दिवस आणि उद्याचा. मी वर येऊन सही करतो.

मानसिंग: कारण काय टाकू? आई आजारी?

बिरप्पा: आई ही बसलीये, धडधाकट. च्या प्याली तुझ्या हातचा.

मानसिंग: मग वडील आजारी. कुणी तपासायला जातंय का मैंदर्गीला?

बिरप्पा: नको. ह्या अर्जात तरी खोटं नको.

मानसिंग: अरे, अर्जात सगळेच... बरं. मग लिहू काय? गोड पाणी, खारट पाणी? साहेब वेडे होतील. घरगुती काम लिहितो. चालेल?

केराबाई: चालंल की. घरगुतीच हाय.

मानसिंग: मावशी, एक बोलू का? कोल्हापूरला मी नळाजवळच उभा होतो, तोंड धूत. मी बघितलं होतं सगळं. मी पण काही बोललो नाही.

केराबाई: तुजं पोट ढवळत हुतं, लेकरा. तुजी काय चूक?

मानसिंग: तेवढं नव्हतं ढवळत, मावशी. पुढच्या खेपेला गेलो कधी तर मी आणतो आण्णांना. बूच असलेल्या बाटलीतनं आणतो.

केराबाई: आन. आण्णा हायत तवर आन.

बिरप्पा: तू हो वर, मानसिंग, सही करायला आलोच मी. अव्वा... ती भाकरी दे की. भूक लागलीय.

केराबाई: डबा झाला म्हनलास न्हवं?

बिरप्पा: झाला व्हता. दे. हितंच खातो.

केराबाई: घे. चटनी अंगावर सांडू नगं, कचेरीचा सदरा हाय. आन् पानी हवं तर तांब्यात हाय. आपल्या आडाचं.

बिरप्पा: हाच तांब्या आणलास तू?

केराबाई: मग दुसरा कुटनं आनू? सोड गाठ. का सोडून दिऊ?

बिरप्पा: नगं. सोडतो मी... दोन येढं. खालनं... सुटंना गं.

केराबाई: नखानं न्हाई सुटत ती. दातानं वड. कुनी बघत न्हाई.

बिरप्पा: बघूंदे... सुटली.

केराबाई: पी मग.

बिरप्पा: अव्वा, आण्णांनी इचारलं, मग खरं पानी कसं हुतं रं बिरू, तर काय सांगू?

केराबाई: त्ये मी सांगीन. तू फकस्त तुजं सांग.

बिरप्पा: होडीतनं मी पान्यात हात सुदीक घातला न्हाई गं.

केराबाई: बघत हुते मी. चल, सही करून ये, गाडी जाईल.